सांध्यांच्या दुखण्याची नावं

मराठीत 'वात' दोन आहेत. समईतली वात स्त्रीलिंगी. ती संस्कृत 'वर्ति'वरून आली, आणि 'वर्ति'च्या मुळाशी वळणं, फिरणं या अर्थाचा 'वृत्' धातू आहे. कापूस वळून केलेली ती वात. दुखण्यातला वात मात्र पुल्लिंगी. त्याचा धातू 'वा', म्हणजे वाहणं, फुंकणं. 'वायू' याच धातूचा, आणि लॅटिनमधला 'व्हेन्टस' व इंग्रजीतला 'विंड' हेही याच मुळातून फुटलेले. 'त्यानं अगदी वात आणला' असं आपण वैतागून म्हणतो, तेव्हा बोलतो ते या दुसऱ्या, पुल्लिंगी वाताबद्दल. तापाच्या भरात माणूस बरळू लागला की 'वात झाला' म्हणत, तोही हाच. 'वाताहत' या शब्दाचा मूळ अर्थ वाऱ्यानं झोडपलेलं. अर्धांग लुळं पडलं की 'अंगावरून वारं गेलं' असं म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. वाल, वाटाणे, हरभऱ्याची डाळ हे पदार्थ 'वातूळ'. घरातली म्हातारी माणसं पावसाळ्यात गुडघे चोळत 'वाताचा त्रास आहे' म्हणतात, तेव्हा हा सगळा शब्दव्यवहार त्यांच्या पाठीशी उभा असतो. बाहेर वाहणारा वारा देहातही वाहतो आणि बिघडला की दुखणं होऊन बसतो, ही समजूत आपल्या बोलण्यात पूर्ण मुरली आहे.

रोगाचं नाव बहुतेक वेळा त्याच्या कारणाचा अंदाज असतो. नाव ठेवणाऱ्यांना जे कारण दिसलं किंवा दिसल्यासारखं वाटलं, ते त्यांनी नावात बांधून ठेवलं. पुढे कारणाची समज बदलते, नाव मात्र तसंच राहतं आणि ऐकणाऱ्याला जुन्याच दिशेनं नेत राहतं. सांध्यांच्या दुखण्यांच्या बाबतीत हे फार घडलं आहे, आणि त्याची किंमत आजही रुग्ण मोजतात.

आधी सांध्याकडे पाहू. 'सम्' आणि 'धा', एकत्र ठेवणं, यातून 'संधि' झाला आणि त्यातून आपला 'सांधा'. एकाच शब्दानं मराठीत किती घरं केली! व्याकरणातला संधी, दोन राजांमधला संधी, हातची गेलेली संधी, दिवस आणि रात्र जिथे भेटतात तो संधिप्रकाश. रेल्वेचे रूळ जिथे वाट बदलतात तिथेही 'सांधा' आणि तो बदलणारा 'सांधेवाला'. दोन वस्तू जोडल्या की मधे फट उरते, म्हणून 'सांद' आणि 'सांदीकोपरा'ही याच कुळातले. ग्रीकमध्ये सांध्याला 'आर्थ्रॉन' म्हणतात. त्याच्या मुळाशी नीट बसणं, जुळणं असा अर्थ आहे. चाकाच्या आऱ्याला संस्कृतात 'अर' म्हणतात, तो याच मुळातला. 'आर्थ्रायटिस' या ग्रीक शब्दाचा अर्थ मुळात इतकाच: सांध्यांचा. 'रोग' हा शब्द त्यापुढे अध्याहृत होता. शेवटच्या 'आयटिस'मध्ये तेव्हा दाह, सूज असं काही नव्हतं. अशी नावं पुष्कळ झाल्यावर त्या प्रत्ययालाच दाहाचा अर्थ चिकटला.

सांध्यात जो बुळबुळीत द्राव असतो त्याला आयुर्वेदानं 'श्लेषक कफ' म्हटलं. 'श्लिष्' म्हणजे मिठी मारणं, चिकटणं. 'आश्लेष' आणि काव्यातला 'श्लेष' त्यातलेच. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्ससनं 'सायनोव्हिया' हा शब्द घडवला. अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा द्राव, या अर्थानं त्यात लॅटिन 'ओव्हम', म्हणजे अंडं, असल्याचं मानतात. सांध्याच्या आतलं जे पातळ अस्तर हा द्राव तयार करतं त्याला आज सायनोव्हियम म्हणतात. या लेखातल्या मुख्य रोगाची, रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, खरी रणभूमी हे अस्तर आहे. झिजेच्या संधिवातात मुख्य नुकसान हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेचं होतं. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये आधी अस्तर सुजतं, जाड होतं आणि कूर्चेवर पसरत जाऊन ती खाऊ लागतं. या पसरलेल्या थराला वैद्यकात 'पॅनस' म्हणतात. लॅटिनमध्ये पॅनस म्हणजे कापडाचा तुकडा.

आता 'आमवात'. संस्कृत 'आम' म्हणजे कच्चं, न शिजलेलं. ग्रीक 'ओमॉस', म्हणजे कच्चा, हा त्याचा सख्खा नातेवाईक. हिंदीतल्या फळाचा 'आम' वेगळा. तो 'आम्र'पासून आला. आपली 'आंव' आणि 'आमांश' मात्र या कच्च्या 'आम'चीच लेकरं, आणि 'आमाशय' म्हणजे ते कच्चं अन्न राहण्याची जागा. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकरानं 'रोगविनिश्चय' हा ग्रंथ लिहिला. लोक त्याला 'माधवनिदान' म्हणून ओळखतात. त्यात आमवाताला स्वतंत्र अध्याय आहे. अग्नी मंद झाला, खाल्लेलं नीट पचलं नाही, की आम तयार होतो. वायू त्याला ढकलत कफाच्या ठिकाणी, सांध्यांकडे नेतो, अशी त्याची मांडणी. लक्षणं सांगताना तो फक्त सांध्यांवर थांबत नाही. अंग मोडून येणं, अन्नावरची वासना जाणं, ताप, जडपणा, थकवा, असं सगळं तो नोंदवतो. वेदना किती? विंचवांनी नांग्या माराव्यात तितकी.

त्याच्या आमवातात आजचे दोन-तीन वेगळे आजार मिसळलेले असू शकतात, म्हणून तो शब्द आजच्या एकाच रोगावर डोळे मिटून बसवू नये. पण हे दुखणं गुडघ्यापुरतं नसून सगळ्या देहाचं आहे, हे त्याला स्वच्छ दिसलं होतं. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णाला आजही हाच अनुभव येतो: सांधे दुखायच्या आधीपासून थकवा, बारीक ताप, वजन उतरणं, आणि पुढे फुप्फुसं, डोळे, रक्तवाहिन्या यांवरही परिणाम.

युरोपनं मात्र वाऱ्याऐवजी पाण्याकडे बोट दाखवलं होतं. ग्रीक 'ऱ्हेउमा' म्हणजे प्रवाह. आपल्या 'स्रवणे', 'स्राव', 'स्रोत' यांचा 'स्रु' धातू आणि ग्रीक 'ऱ्हेउमा' एकाच मुळाचे. मेंदूतून एक दूषित द्रव पाझरतो आणि खाली सांध्यांत उतरतो, अशी तिथली समजूत होती. फ्रेंच वैद्य गिय्योम द बायू याच्या ग्रंथात 'रुमॅटिझम' हा शब्द सांध्यांच्या आजारासाठी आला. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1642 साली छापला गेला. 'गाउट' हाही असाच ओला शब्द आहे: लॅटिन 'गुट्टा', थेंब. दोष थेंब थेंब सांध्यात गळतो, ही कल्पना.

पुढची दोनशे वर्षं गाउट आणि रुमॅटिझम या दोन पिशव्यांत सगळी सांधेदुखी कोंबली जात होती. 1800 साली पॅरिसमध्ये लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरनं सालपेत्रिएर रुग्णालयातल्या काही स्त्रियांच्या आजाराचं वर्णन केलं. त्या गरीब होत्या, गाउट तर सुखवस्तू पुरुषांचा रोग समजला जाई. आपण पाहतो ते काही निराळं आहे, हे त्याला कळलं, तरी नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं त्या आजाराला अशक्तपणाची 'गाउट'च म्हटलं. जुन्या नावाची पकड अशी असते. ती सोडवली लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉडनं. 1848 साली त्यानं दाखवून दिलं की गाउटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक आम्ल वाढलेलं असतं. रक्तद्रव्यात एक बारीक दोरा सोडून ठेवायचा. युरिक आम्ल जास्त असेल तर त्यावर स्फटिक धरतात, अशी त्याची साधी परीक्षा होती. दुसऱ्या गटाच्या रुग्णांच्या दोऱ्यावर असे स्फटिक धरत नव्हते. मग त्या आजाराला त्यानं 1859 साली वेगळं नाव दिलं: 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस'. शेवटचा 'ऑइड' ग्रीक 'एइडोस'वरून आला. त्याचा अर्थ रूप. आपल्या 'विद्', 'वेद', 'विद्या' यांचं आणि त्याचं मूळ एक. म्हणजे या नावाचा अर्थ, प्रवाहासारखा दिसणारा सांध्यांचा रोग. कारण कळलेलं नाही, केवळ रूप सारखं आहे, असं हे प्रामाणिक नाव आहे.

कारणाचा पुढचा धागा एका करासंबंधीच्या शब्दात आहे. लॅटिन 'मुनुस' म्हणजे कर्तव्य, नगरासाठी करायची सेवा, द्यायचा कर. हे ओझं उचलणारी नगरी ती 'म्युनिसिपियम', जिच्यावरून आपली म्युनिसिपालिटी आली. आणि ज्याला या ओझ्यातून सूट, तो 'इम्युनिस'. म्हणजे इम्युनिटी हा मुळात करमाफीचा शब्द. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा देवी येत नसत, त्याला रोगाच्या वसुलीतून सूट मिळाली, अशा अर्थानं तो वैद्यकात स्थिरावला. मराठीनं त्यासाठी 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द घेतला. माफीच्या जागी लढाई आली, आणि आज हा विषय मराठीत कुणीही समजावू लागलं की सैनिक, हल्ला, शत्रू हेच शब्द तोंडी येतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी बोकडांवर काही प्रयोग केले. एका बोकडाचं रक्त दुसऱ्याला टोचलं तर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होत. त्याचंच रक्त त्यालाच टोचलं तर होत नसत. देहाला स्वतःला विष देण्याचा धसका असतो, असं म्हणत एर्लिख यांनी लॅटिनमध्ये नाव दिलं: 'हॉरर ऑटोटॉक्सिकस'. लॅटिन 'हॉरर' म्हणजे अंगावर काटा उभा राहणं. संस्कृत 'हृष्' धातूचाही मूळ अर्थ तोच. 'रोमहर्ष' शब्दात तो अजून टिकून आहे. एकाच काट्याचं आपल्याकडे आनंदात रूपांतर झालं आणि रोममध्ये भीतीत. एर्लिख यांचं हे नाव इतकं ठसठशीत होतं, की देह स्वतःविरुद्ध जाणंच अशक्य, असा त्याचा अर्थ घेतला गेला. 1904 साली व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी एका रक्तरोगात स्वतःच्याच तांबड्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं दाखवली. तरीही या विचाराला वैद्यकात जागा मिळायला पन्नासेक वर्षं गेली. 1940 साली नॉर्वेच्या एरिक वालर यांना रुमॅटॉइड रुग्णांच्या रक्तात एक विचित्र घटक सापडला. तो 'रुमॅटॉइड फॅक्टर' म्हणून पुढे जगभर तपासला जाऊ लागला. हा घटक म्हणजे स्वतःच्याच प्रतिपिंडांविरुद्ध तयार झालेलं प्रतिपिंड.

हे घडतं कसं? गळ्याखाली, छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. तिथे टी-पेशींची शाळा भरते. आपल्याच घटकांवर जोरात तुटून पडणाऱ्या पेशी तिथेच बाद होतात. काही निसटतात आणि त्यांना आवरणाऱ्या दुसऱ्या यंत्रणा असतात. त्याही कधीकधी कमी पडतात. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये कमी पडण्याची कथा बऱ्याच अंशी 'सिट्रुलिन' या शब्दाभोवती फिरते. कलिंगडाच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव सिट्रुलस. 1914 साली जपानमध्ये कलिंगडाच्या रसातून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं गेलं. त्याचं नाव या फळावरून सिट्रुलिन पडलं. आपल्या देहातही प्रथिनांमधल्या आर्जिनिनचं सिट्रुलिनमध्ये रूपांतर होत असतं, विशेषतः जिथे दाह असतो तिथे. असं बदललेलं प्रथिन काही जणांच्या प्रतिकारयंत्रणेला परकं वाटतं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. रक्ततपासणीच्या कागदावर 'अँटी सीसीपी' असं लिहिलेलं असतं, ती हीच. त्यातल्या एका 'सी'मध्ये कलिंगड लपलं आहे. कलिंगड खाण्याशी रोगाचा काही संबंध नाही, हेही इथेच सांगायला हवं. ही प्रतिपिंडं पुष्कळदा पहिला सांधा दुखायच्या काही वर्षं आधीपासून रक्तात असतात.

बदललेली प्रथिनं सगळ्यांच्याच देहात होतात, मग काहींनाच रोग का? एक उत्तर वंशात आहे. पेशींच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवणारे एचएलए रेणू माणसागणिक वेगळे असतात. त्यातल्या डीआर-बी-वन या जनुकाचे काही प्रकार सिट्रुलिनयुक्त तुकडे विशेष घट्ट धरतात आणि टी-पेशींपुढे मांडतात. पण वंशानं सगळं ठरत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा रोग असला, तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण शंभरात पंधराच्या आसपासच भरतं. बाकीचा वाटा आयुष्यात येऊन मिळतो. त्यात सगळ्यात पक्का पुरावा धूम्रपानाचा आहे. धुरानं फुप्फुसांत दाह होतो, तिथे प्रथिनं बदलतात, आणि अंगी ते जनुक असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. दगड फोडताना, खाणीत उडणारी सिलिकाची धूळ असंच करते. हिरड्यांच्या जुनाट रोगातला एक जिवाणू स्वतःच सिट्रुलिन बनवणारं विकर बाळगतो, त्यामुळे संशयाची सुई हिरड्यांकडेही आहे. आतड्यांतल्या जिवाणूंवरही संशोधन चालू आहे. इथे माधवकराच्या 'आमा'ची आठवण होते आणि मन सुखावतं. पण त्याचं निरीक्षण आणि आजचा शोध यांत बाराशे वर्षांचं अंतर आहे. एकाच्या गळ्यात दुसऱ्याचं श्रेय बांधलं तर दोघांवरही अन्याय होईल.

स्त्रियांमध्ये हा रोग पुरुषांच्या दुपटी-तिपटीनं आढळतो. गरोदरपणात पुष्कळ जणींचे सांधे शांत होतात आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत रोग उसळतो, किंवा पहिल्यांदा तेव्हाच दिसतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच यांनी गरोदरपणातला आणि काविळीतला हा उतार नोंदवला. त्याचा माग काढत 1948 साली ते कॉर्टिसोन या औषधापर्यंत पोचले आणि 1950 साली त्यांना नोबेल मिळालं. बाळंतपणानंतरचं हे दुखणं आपल्या घरांतही ठाऊक होतं, फक्त त्याचं कारण 'वात' या शब्दानं सांगितलं गेलं. 'बाळंतपणात कानाला वारा लागला', 'ओल्या अंगानं थंड पाण्यात हात घातले' असं ऐकत कित्येक बायकांनी आपल्या वाकड्या झालेल्या बोटांचा दोष स्वतःकडे घेतला. बाळंतपणानंतर सांधे धरतात, हे निरीक्षण खरं होतं. वारा निर्दोष होता, आणि ती बाईही.

मला या शब्दयात्रेतून सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. 'देह स्वतःवरच उलटला' हे वाक्य रुग्णाला फार एकटं पाडतं. जणू आपल्याच आत कुणी वैरी आहे, आपल्याच मनातल्या रागातून हे आलं आहे. प्रत्यक्षात घडते ती ओळखीची चूक. एका अमिनो आम्लाच्या फरकानं आपलं प्रथिन परकं वाटलं, इतकीच. त्या चुकीत ना पाप आहे, ना हलगर्जीपणा. सिगारेट सोडणं, हिरड्यांची काळजी घेणं हे हातात आहे, ते करावं. बाकीचा भाग कुणाच्याच हातात नव्हता.

दुसरी गोष्ट उपचाराची. मराठीत आज 'संधिवात' हा एकच शब्द वयोमानानं झिजलेल्या गुडघ्याला, युरिक आम्लाच्या गाउटला, चिकुनगुन्यानंतर रेंगाळणाऱ्या दुखण्याला आणि पस्तिशीतल्या बाईच्या सुजलेल्या बोटांना सारखाच लागतो. आयुर्वेदानं संधिगतवात, वातरक्त आणि आमवात अशी तीन नावं वेगळी ठेवली होती. लोकभाषेत ती पुसट झाली. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये 1996 पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांची घरोघर पाहणी केली. तिच्यातून आणि देशातल्या अशा इतर पाहण्यांतून दिसतं, की प्रौढांमध्ये रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं प्रमाण अर्धा ते पाऊण टक्का आहे. टक्केवारी लहान दिसते, पण दोनशे उंबऱ्यांच्या गावात तीन-चार जण तरी भरतात. या तीन-चार जणांना 'वात आहे, शेक घ्या, वातूळ खाऊ नका' एवढ्यावर बसवलं, तर हाडांची जी झीज होते ती पुन्हा भरून येत नाही. पहिल्या काही महिन्यांत मेथोट्रेक्सेटसारखं औषध, तेही आठवड्यातून एकदाच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सुरू झालं तर सांधे पुष्कळ वाचतात. त्यानं भागलं नाही तर 1990च्या दशकात लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी यांच्या कामातून आलेल्या टीएनएफरोधक औषधांसारखे पुढचे मार्ग आहेत.

म्हणून 'संधिवात' हा शब्द टाकून द्यावा असं मी म्हणत नाही. तो आपल्या बोलण्यात खोल रुजला आहे, आणि त्याच्यामागे शतकांचं निरीक्षण आहे. मात्र त्याच्यापुढे एक विशेषण मागून घ्यायची सवय आपल्याला लावून घ्यायला हवी. झिजेचा, युरिक आम्लाचा, की ओळखीच्या चुकीचा? सकाळी उठल्यावर बोटं तासाभराहून जास्त वेळ आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सारखेच सुजत असतील, आणि हे सहा आठवडे चाललं असेल, तर हा प्रश्न डॉक्टरांना त्याच आठवड्यात विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावा.